गोचिडाचे औषध कसे लावाल?

(कळंबे येथे पशुपालकांपुढे केलेले भाषण)



उद्या धार काढायला बसण्याआधी गाईच्या कानात बघा. मग मानेखालची पोळी बघा, कास बघा, शेपटीचे बूड बघा. वाटाण्याएवढा करडा गोळा चिकटलेला दिसेल. तो गोचीड.

गोचीड नुसते रक्त पीत नाही. त्याच्या चावण्यातून थायलेरिया नावाचा रोग होतो. देशी गाय तो पुष्कळदा सोसते. संकरित गाईला सोसत नाही. ताप चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते, दूध आटते. वेळेवर डॉक्टर आला नाही तर गाय दगावते.

औषध लावण्याच्या रीती अनेक. दावणीला एक-दोनच जनावरे असतील, तर बादलीत औषध कालवावे आणि फडक्याने अंग पुसून काढावे. हातात रबरी मोजे हवेत बरं का! जनावरे जास्त असली तर पंप बरा. पण तणनाशकाचा पंप नको, वेगळा ठेवा. केसांच्या उलट्या दिशेने फवारा. पोटाखाली जास्त, डोळ्यांत अजिबात नाही.

तिसरे औषध पाठीच्या कण्यावर मानेपासून शेपटीपर्यंत ओतायचे. ते महाग पडते, पण थंडीत जनावर भिजवावे लागत नाही. चौथे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन. ते डॉक्टरांनीच ठरवावे. औषध दुधात उतरते, म्हणून दुभत्या जनावराला ते नको.

माझी चूक सांगतो. मी औषध अंदाजाने ओतत असे. महाग म्हणून पाणी जास्त. गोचीड मेले नाहीत, उलट औषधाला सरावले. आता मापाने घेतो. बाटलीवरचे माप वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या, त्यात लाज कसली?

फवारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ओले अंग चाटणार नाही. अंग वाळेपर्यंत वासरू दूर बांधा. धार काढण्यापूर्वी कास धुवा.

आणि पंप कळंबा तलावावर धुवायला नेऊ नका. डेल्टामेथ्रिनसारखे औषध माशांना विषच. संस्थानच्या काळी हा तलाव कोल्हापूरला पाणी पुरवण्यासाठी बांधला, हे आपण जाणताच.

मादी अंडी घालते ती जनावराच्या अंगावर नाही, भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली. एकेक मादी हजारो. म्हणून जनावरे बाहेर बांधून गोठाही फवारा, भेगा लिंपून घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा कानात बघा.