पाणी कुठवर आलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मूळचा अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे आपल्या जुन्या नगरचा. आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे. दोन वर्षांपूर्वी मी ग्रॅव्हल बाइक घेतली. ग्रॅव्हल बाइक म्हणजे दिसायला रेसिंग सायकलसारखी, खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड. माझे 40 मिलिमीटरचे आहेत. मुरूम, खडी, कच्चा रस्ता सगळं चालतं. अमेरिकेत कॅन्सासमध्ये 2006 पासून शेतरस्त्यांवर अशा सायकलींची मोठी शर्यत होते. मला वाटलं, शेतरस्ते तर आपल्याकडेच जास्त! आणि कालव्याच्या भरावावरून जाणारा रस्ता तर ग्रॅव्हल बाइकसाठीच केल्यासारखा. चढ नाही, ट्रक नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस.

आधी थोडी माहिती. भंडारदरा धरण अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत. काम 1910 मध्ये सुरू झालं, 1926 मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे 11 टीएमसी. धरणातून सोडलेलं पाणी निळवंड्यातून पुढे नदीनेच खाली येतं आणि संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर दोन कालव्यांत शिरतं. उजवा राहुरीकडे, डावा लोणी-श्रीरामपूरकडे. डाव्याच्या शेवटाला टाकळीभानचा टेलटँक आहे. इंग्लंडमध्ये कालव्याकाठची वाट नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. आपली वाट पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसासाठी आहे. हे मला माहीत होतं, पण समजलं नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत रब्बीचं आवर्तन सुटलं. आवर्तन म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. मी संगमनेरला मामाकडे मुक्काम केला आणि सकाळी ओझरहून निघालो. बेत साधा, दिवसभरात घरी. उन्हं वर आल्यावरच निघालो, कारण उसात बिबट्या असतो आणि हे गमतीत सांगत नाहीये. वाट सलग नाही. कुठे वेड्या बाभळी, कुठे गावातून डांबरी रस्त्याने वळसा. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपाशी मुलं सायकलमागे पळायची. दोनदा काटा घुसला, पण टायर ट्यूबलेस, आतल्या सीलंटने भोक बुजवलं.

लोणी मागे पडलं आणि श्रीरामपूरच्या अलीकडे मी पाण्याच्या तोंडाला गाठलं. कधी पाहिलंय का? कोरड्या कालव्यातून पाणी पहिल्यांदा येतं तेव्हा त्याला तोंड असतं. फेस, पाचट, प्लास्टिकच्या बाटल्या पुढे ढकलत ते येतं. सकाळचे दहा वाजले होते. पाणी मागे पडलं, मी पुढे.

आणि मग प्रश्न सुरू झाला. पुलावर बसलेली माणसं, शेळ्या राखणारी बाई, बांधावरचा म्हातारा, सगळे एकच विचारत होते. "कुठवर आलं पाणी?" कारण मी वरून येत होतो आणि पाण्यापेक्षा वेगात येत होतो. मला भारी वाटलं. कोणीतरी आपली वाट बघतंय!

दुपारी गावाच्या शिवेवर एका बाबांनी हात केला. गहू पोटरीत आलेला, जमीन भेगाळलेली. "पोरा, कुठवर आलं पाणी?"

मी मनात गणित केलं. इथून मागे साधारण 30 किलोमीटर. पाण्याची चाल तासाला तीन किलोमीटर. 30 भागिले 3, दहा तास. म्हणालो, "रात्री आठपर्यंत पोचतंय बाबा."

"नक्की?"

"नक्की. मी डोळ्यांनी बघून आलोय."

पाणी तिसऱ्या दिवशी आलं.

बाबांनी माझ्या शब्दावर रात्रीसाठी माणूस लावला होता, दारं धरायला. शेजाऱ्याने विहिरीचं दोन तास पाणी देऊ केलं होतं, ते "नको, कालव्याचं येतंय" म्हणून परत केलं. स्वतः घोंगडी घेऊन चारीवर बसले, जानेवारीच्या थंडीत, पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी आईने मला चहा दिला आणि विचारलं, "तू सांगितलंस का रे त्यांना?" गावात निरोप कोणी दिला हे लपत नाही. निरोपाला आडनाव असतं.

माझं गणित कुठे चुकलं? भागाकार बरोबर होता. पण कोरडा कालवा आधी स्वतः पाणी पितो. मग ते भरायला लागतं, तेव्हा कुठे पुढे सरकतं. वाटेत चाऱ्यांची दारं असतात, त्यातली कोणती उघडी हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या माणसाला आधी पाणी द्यायचं, टेल टू हेड, असं म्हणतात. ते म्हणावं लागतं यातच सगळं आलं. आणि खरी लाज याची की ऑफिसात मी असं कधी बोलत नाही. मॅनेजरने विचारलं तर म्हणतो, "बघून सांगतो." मग बाबांना "नक्की" का म्हणालो? कारण माझं त्यात काही जाणार नव्हतं.

मी त्यांच्याकडे गेलो. मजुराचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "तू पाणी बघितलं, तेवढंच सांगायचं. बाकी आम्हाला कळतं."

हा प्रश्न एका कालव्याचा नाही. शेजारच्या निळवंड्याची कल्पना 1970 मधली. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 26 ऑक्टोबर 2023 ला. लाभक्षेत्रात 182 गावं. तिथल्या माणसांनी "पाणी कुठवर आलं" हा प्रश्न पन्नास वर्षं विचारलाय.

तर तुम्हीही सायकल घेऊन निघालात, तर चार गोष्टी. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, मी साधारण 40 पीएसआय ठेवतो. पावसाळ्यात जाऊ नका, काळी माती चाकाला धरली की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कालव्यात पोहायला उतरू नका, काठ घसरडे असतात आणि बाहेर यायला आधार नसतो. आणि कोणी पाण्याचं विचारलं, तर कुठे पाहिलं आणि किती वाजता, एवढंच सांगा.

मी आता तसंच करतो. पुलावर थांबतो, फोटो काढतो, वेळ आणि गावाचं नाव लिहून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. यंदा तेच बाबा पुन्हा भेटले. मी सांगितलं, "श्रीरामपूरच्या अलीकडे, पावणेअकराला. पुढचं माहीत नाही."

त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "मग आज झोपतो," म्हणाले.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या भागात असा कालव्याकाठचा रस्ता असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा.