तारेचं वेल्डिंग : खटका दाबण्याआधी

ट्रॉलीचा फाळका निखळला की आता कितीतरी खळ्यांवर तारेचं वेल्डिंग मशीन सुरू होतं. काम झटपट होतं खरं, पण तयारी चुकली तर जिवावर बेततं.

प्रथम मशीनचं अर्थिंग पाहा. ओल्या जमिनीवर उभं राहून काम करू नका. गंज आणि रंग खरवडून अर्थचा चिमटा जोडाजवळच लावा. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीच्या तारा आधी सोडवा.

तार ०.८ मि.मी. असेल तर रोलरची खाच आणि टोकाची नळीही त्याच मापाची हवी. उघड्यावर वारा गॅस उडवून नेतो आणि जोड सच्छिद्र होतो. तिथं बिनगॅसची तार बरी. मात्र ही तार बहुधा ऋण टोकाला जोडतात. रिळावरची सूचना पाहून घ्या.

१० किंवा ११ नंबर काचेचा मुखवटा, चामडी मोजे आणि अंगात सुतीच कपडे घाला. टेरिलीन वितळून कातडीला चिकटतं. जस्ताच्या पाइपचा धूर नाकात गेला तर थंडी-ताप येतो. जस्त आधी घासून काढा.

डिझेलचं रिकामं पिंप मात्र घरी कधीच जोडू नका. आत राहिलेली वाफ ठिणगीनं बॉम्बसारखी फुटते.

कडबा ३५ फूट लांब ठेवा, पाण्याची बादली जवळ ठेवा. पोरांना त्या उजेडाकडे बघू देऊ नका. काम आटोपल्यावर तासभर जागेवर नजर ठेवा, मगच घरी जा.