अढळ ध्रुव आणि मोजलेला ध्रुव



विवाहविधीत वधूला ध्रुवतारा दाखवण्याची प्रथा जुनी आहे. अढळपणाचे प्रतीक म्हणून ध्रुवाचे नाव घरोघरी घेतले जाते. आकाशाचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या नवशिक्याला मात्र हाच तारा एक निराळा धडा देतो: नुसते पाहणे पुरेसे नसते, मोजावेही लागते.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसते. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दोन मिनिटांत पूर्णचंद्राच्या व्यासाएवढे अंतर कापतो. मंद तेजोमेघ टिपण्यासाठी शटर काही मिनिटे उघडे ठेवले, तर साध्या तिपाईवर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून विषुववृत्तीय माउंटचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर करावा लागतो. तो अचूक जुळला, की एकच मोटर ताऱ्यांची साथ धरते.

पुण्याहून कोलकात्यास बदलीने गेलेल्या एखाद्या कुटुंबातील मुलाची कल्पना करावी. माउंटच्या अक्षाची उंची पुण्याच्या अक्षांशाप्रमाणे १८.५ अंशांवरच राहिलेली. कोलकात्याचा अक्षांश सुमारे २२.५ अंश. चार अंशांच्या या चुकीने सारे तारे लांबट उमटतात. मुलगा कॅमेऱ्याला दोष देतो आणि घरचे महागड्या भिंगाची चौकशी करू लागतात. एका ताऱ्यावर लक्ष ठेवून चूक सुधारणारे स्वयंचलित उपकरण जोडले, तरी उरलेले चित्र त्या ताऱ्याभोवती हळूहळू फिरतच राहते. मूळ चूक पैशाने झाकत नाही.

बरे, ध्रुवतारा तरी नेमका ध्रुवबिंदूवर आहे काय? नाही. तो त्या बिंदूपासून पूर्णचंद्राच्या व्यासाहून थोडा अधिक दूर असून त्याभोवती लहानसे वर्तुळ काढतो. ध्रुवदर्शक दुर्बिणीतील खुणा त्या दिवसाच्या व वेळेच्या हिशेबाने लावाव्या लागतात, त्या याचसाठी.

कोलकात्याच्या बिर्ला तारांगणात यंत्र ध्रुवाला घुमटावर योग्य जागी आणते. गच्चीवर ते काम स्वतःचे असते. तेथे उत्तरेचा ध्रुव क्षितिजापासून फारसा उंच नसतो. धुरक्याने किंवा इमारतीने तो झाकला जातो. तरीही मार्ग आहे. दक्षिणेस उंचावर, विषुववृत्ताजवळील तारा मध्यमंडलावर असताना तो उत्तर-दक्षिण सरकतो का, हे पाहून अक्षाची दिशा सुधारावी. पूर्वेस किंवा पश्चिमेस खाली असलेल्या ताऱ्यावरून अक्षाची उंची सुधारावी. तारा सरकणे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. यात अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्या वेळात एकही छायाचित्र निघत नाही.

पालकहो, मुलाचा तो अर्धा तास वाया गेला असे समजू नये. ‘फोटो कुठे आहे?’ असे विचारण्याआधी ‘ध्रुव साधला का?’ असे विचारावे. साठ वर्षांच्या शाळेने आपल्या मुलांकडून अपेक्षा करावी ती हीच: यंत्राला दोष देण्यापूर्वी त्यांनी स्वतःचा अक्ष तपासून पाहावा.