पावतीपुस्तक घेऊन कोण फिरणार?



कामगार संघटनांचे सभासद का घटले, असं विचारलं की मुंबईत लगेच गिरणी संपाकडे बोट दाखवलं जातं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. रीतसर मागे न घेतलेला तो संप. घाव मोठाच होता; पण आजवरचं सगळं खापर त्याच्या माथी फोडणं मला फार सोयीचं वाटतं. नंतर कितीतरी कारखाने चालूच राहिले, गेटमधून आत जाणारा माणूस तेवढा बदलला. कायम कामगार निवृत्त झाला, त्याच्या मशीनवर कंत्राटी पोरगा आला, आणि कित्येक युनियननी त्याची पावतीच फाडली नाही. मग सभासद वाढणार कुठून?

वर्गणी पगारातून परस्पर कापली जाऊ लागली, तेव्हा पदाधिकाऱ्यांची मोठी सोय झाली. पूर्वी पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ता खात्याखात्यांत फिरायचा. दोन पैसे मिळायचे आणि चार शिव्याही. त्या शिव्यांतूनच कळायचं, कुठे काय खदखदतंय ते.

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना. यांना मालकच नाही, संप करायचा कुणाविरुद्ध? संघटनेनं आधी ओळखपत्र मिळवून दिलं, महापालिकेनं मान्य केलेलं. कचराकुंडीपाशी कुणी चोर म्हणून हटकलं, तर कनवटीचं कार्ड काढून दाखवता येऊ लागलं. घोषणा नंतर. पुढे 2008 मध्ये याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलू लागली. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं तर ‘कष्टाची भाकर’ काढून हमालाच्या स्वस्त जेवणाची सोय केली होती. माथाड्यांनी लढून 1969 चा कायदा मिळवला. टोळी कुठल्याही पेढीवर माल उतरवो, मजुरी आणि लेव्ही मंडळात जमा होते, त्यातून भविष्य निर्वाह निधी मिळतो. ‘मालक बदलतो, मग संघटना कशी बांधणार?’ या रडगाण्याला हे उत्तर जुनंच आहे.

आता डिलिव्हरीवाल्या मुलांचं बघा. ॲपवरचा आयडी अचानक बंद झाला तर दाद कुणाकडे मागायची? अपघात झाला तर विम्याचे कागद कोण भरणार? या दोन कामांसाठी रात्री अकरालाही फोन उचलेल असा एक पूर्णवेळ कार्यकर्ता युनियननं नेमावा. वर्गणी तो मुलगा मोबाइलवरून पाठवेल. पावती मात्र त्याच्या हातात द्यायला कुणीतरी जावं, चार शिव्या खायची तयारी ठेवून.