कर्दळ की बकुळ?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलायचे राहिलेले एक-दोन मुद्दे स्मरणिकेसाठी घातले आहेत.)



पंचवीस वर्षांत सोसायटीने काय काय केलं, याचा आढावा सेक्रेटरीसाहेबांनी आत्ताच घेतला. पाण्याची टाकी झाली, लिफ्ट बदलली, सीसीटीव्ही आले. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलेला नाही. त्यामुळे गेटजवळच्या रिकाम्या जागेवर बोलतो. तिथे काय लावायचं यावरून गेले आठ महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी एक कबुली देतो. तिथला गुलमोहर मी लावला होता. सोसायटी २००० साली नोंदणीकृत झाली, मी पहिला खजिनदार, आणि २००१ च्या पावसाळ्यात ते रोप आणलं. गुलमोहरच का? तर लवकर वाढतो म्हणून. आम्हाला घाई होती. नवी इमारत, उघडंबोडकं आवार, आणि भिवंडीचा मे महिना. पाच-सहा वर्षांत सावली मिळाली, फुलं आली, सगळे खूश. हे झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं, त्याची मुळं खोल न जाता पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं.

पण झाड पडलं त्याला एवढंच कारण नव्हतं. २०१४ साली आपण आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, ते थेट बुंध्याला चिकटवून. चिखल नको, पार्किंगला जागा हवी. त्या बिलावर माझी सही आहे. मुळांना पाणी नाही, हवा नाही. पुढे पार्किंगच्या पत्र्यावर फांद्या येतात म्हणून एकाच बाजूच्या फांद्या तोडल्या. तोल एकीकडे गेला. मग परवाच्या वर्षी जुलैत रात्री अडीच वाजता ते आडवं झालं. कंपाऊंडची भिंत आणि दोन स्कूटर, एवढ्यावर निभावलं. पण दुपारी साडेबारा वाजता तिथे आपली मुलं शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. दुपारी पडलं असतं तर, हा विचार त्या रात्री प्रत्येक घरात झाला. माझ्याही झाला.

तेव्हा ‘आता झाड नको, फुलझाडं लावू’ असं म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. आमच्या सौ.सुद्धा त्याच पक्षात आहेत, आणि समोरच बसल्या आहेत.

त्यांची पसंती कर्दळीला. मी मुद्दाम विचार करून पाहिला, आणि कर्दळीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एकदा कंद लावला की बारमाही झाड. जुनं खोड वाळलं की बुडापासून छाटायचं, बाजूला नवे फुटवे येतातच. पावसाच्या सुरुवातीला लावली तर गणपतीच्या सुमारास फुलं दिसायला लागतात. चिखल, साचलेलं पाणी तिला चालतं. २६ जुलै २००५ आठवतो ना? पाणी ओसरल्यावर मागच्या बाजूची सगळी झाडं कुजली, आणि कर्दळ आठवड्याभरात मान वर करून उभी होती. सांडपाण्यावर वाढते, इतकंच नाही, सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी तिचे वाफे मुद्दाम लावतात. आपल्याकडे टँकरचं पाणी येतं तेव्हा हा मुद्दा लहान नाही. घरच्या धुण्याचं दुसरं पाणी तिला पुरे. आणि नवरात्रात आपल्या तेलुगू शेजारणी बतुकम्मा रचतात, त्यासाठी कुरडू आणि तरवड शोधत त्यांना कुठे कुठे हिंडावं लागतं. गेल्या वर्षी त्यांच्या ताटात मागच्या बाजूच्या चार कर्दळीही होत्या. मला ते फार आवडलं.

एवढं सगळं खरं. पण कर्दळीखाली बसता येत नाही.

गेल्या एप्रिलपासून मी रोज दुपारी गॅलरीतून गेटकडे बघतो. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय? आपला वॉचमन पत्र्याच्या केबिनमध्ये बसू शकत नाही, बाहेरही बसू शकत नाही. भिंतीच्या वीतभर सावलीत खुर्ची सरकवत राहतो. भाजीवाल्या मावशी पूर्वी तासभर टोपली टेकवायच्या, आता दोन मिनिटांत पुढे जातात. ‘अ’ विंगमधले आम्ही चार म्हातारे संध्याकाळी पाच वाजता खाली यायचो, आता साडेसहाला येतो, कारण तोवर ब्लॉक तापलेले असतात. आणि मुलं डोक्यावर दप्तर धरून उभी राहतात. आपल्या तीन बाजूंना कारखाने आहेत. मागांची खटखट दिवसरात्र, त्यांचे पत्रे तापलेले, गोदामांकडे जाणारे ट्रक समोरून. एवढ्या सगळ्यात आपल्याकडे सावलीचा एकच तुकडा होता आणि तो गेला. फुलांनी डोळ्यांना बरं वाटेल, पण दुपारी साडेबाराचं ऊन काही कमी होणार नाही.

म्हणून माझी सूचना बकुळीची आहे. बकुळ आपल्या मातीतली, सह्याद्रीच्या जंगलात आपोआप वाढते. बारा महिने हिरवी, गर्द, गोल माथ्याची. लाकूड जड आणि कठीण. फूल बारीक असतं, पण वाळलं तरी वास टिकतो. आमच्या आईच्या ट्रंकेत बकुळीचा गजरा वर्षभर असायचा. सप्तपर्णीचा विचार मीच सोडून दिला. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिचा वास काहींना सहन होत नाही, आणि आपल्याकडे दम्याचे तीन सभासद आहेत.

बकुळीचा दोष एकच आणि तो मोठा आहे. ती हळू वाढते. खुर्ची टाकण्याइतकी सावली व्हायला आठ-दहा वर्षं धरा. मी आज चौऱ्याहत्तरचा आहे. हिशेब बँकेत शिकलो आहे, तो मला करता येतो. कर्दळ म्हणजे बचत खातं आणि बकुळ म्हणजे मुदत ठेव, असं मी परवा गच्चीवर म्हणालो आणि स्वतःवरच खूश झालो. तर एका सभासदाने विचारलं, ‘साहेब, मुदत ठेवीला रोज पाणी घालावं लागतं का?’ बरोबर आहे. ती उपमा मी मागे घेतो.

कारण पाणी घालावं लागतं. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या, बुंध्यापासून थोडं लांब, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात बाहेर आणि खाली जातात. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. रोपवाटिकेतलं रोप घेताना पिशवी फाडून मुळं बघायची. पिशवीतच गोल गोल फिरलेली असतील तर मोकळी करायची, नाहीतर झाड मोठं झालं तरी मुळं तशीच गुंडाळलेली राहतात आणि वाऱ्यात दगा देतात. बांबूचा आधार सैल बांधायचा आणि दोन वर्षांनी काढायचा.

‘ब’ विंगमधल्या वहिनींनी मला जिन्यात विचारलं, ‘काका, हेही पडलं तर?’ त्यांचा मुलगा त्याच गाडीने जातो. त्यांना मी सांगितलं ते इथेही सांगतो. कधीच पडणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. पण मागच्या वेळी आपण ज्या चुका केल्या त्या टाळता येतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीसाठी आदेश दिला होता, की झाडाच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. म्हणजे आपण पेव्हर चिकटवले त्याच्या आदल्याच वर्षी हे पेपरात आलं होतं! आपण निदान चार फूट माती उघडी ठेवू. दरवर्षी मे महिन्यात जाणकार माणसाकडून झाड तपासून घेऊ आणि फांद्या कमी करायच्या तर महापालिकेची परवानगी काढून, दोन्ही बाजूंनी. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने ती लागतेच.

आता इथे सौ.ची कर्दळ परत येते. उघडी माती आपल्या सोसायटीत टिकत नाही. आज मोकळी सोडली तर उद्या तिथे स्कूटर, परवा कोबा. त्या चार फुटांच्या कडेने कर्दळीचं कडं करायचं. बकुळीपासून दोन फूट सोडून, म्हणजे लहान रोपाचं पाणी ती ओढणार नाही. फुलांच्या वाफ्यावर कोणी गाडी लावत नाही, हे मी मागच्या बाजूला वीस वर्षं पाहिलं आहे. पहिली सात-आठ वर्षं फुलं कर्दळीची. पुढे बकुळीची सावली पडली की कर्दळ फुलायची कमी होईल, तिला ऊन लागतं. तेव्हा तिथे सोनटक्का लावावा, त्याला अर्धी सावली आणि ओल मानवते. ते काम तेव्हाच्या कमिटीचं. सौ. म्हणतात, ‘म्हणजे माझ्या कर्दळीने पहारा करायचा आणि नाव तुमच्या बकुळीचं.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक आक्षेप पुनर्विकासाचा. दहा-पंधरा वर्षांत इमारतच पाडणार, मग झाड कशाला? शक्य आहे. तेव्हा बकुळही जाईल कदाचित. पण तोवर मुलांच्या दहा तुकड्या शाळेत जाऊन बाहेर पडतील, त्यांना गाडीची वाट उन्हातच बघायला लावायची का? आणि नकाशा काढताना गेटजवळ मोठं झाड असेल, तर ते वाचवायचा विषय निदान टेबलावर येईल. आपल्या राज्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला आता वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. तिथपर्यंत पोहोचायला पहिलं वर्ष कधीतरी सुरू करावं लागेल.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आहे. रोपांचा आणि मातीचा खर्च मी आणि सौ. मिळून देतो, सोसायटीने फक्त पेव्हर काढायचा मजूर द्यावा. ठराव नामंजूर झाला तर तिथे नुसती कर्दळ लागेल आणि मी तिलाच पाणी घालीन. जागा मात्र मी काल चुन्याने आखून ठेवली आहे. आत्ता येताना पाहिलं तर त्यावर कोणाची तरी पांढरी ॲक्टिव्हा उभी आहे. ज्यांची असेल त्यांनी जेवणानंतर कृपया हलवावी.