गळाची गांठ

नदीकांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य दिसला कीं शहरांतील लोकांस तो आळसाचा पुतळा वाटतो. परंतु त्याचें निम्में काम गळ पाण्यांत पडण्यापूर्वींच उरकलेलें असतें. दोराच्या शेवटच्या दोन-तीन हातांवर गळ, शिसें आणि तरंगती खूण यांची जुळणी करणें हीच या विद्येचीं मुळाक्षरें होत.

युरोपांत सॅमन मासा समुद्रांतून नद्यांत चढून येतो. त्याच्या पायीं ही विद्या तिकडे फार बारकाईनें जोपासली गेली. मुंबईच्या बाजारांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरें, पण तो निराळ्याच कुळांतला. बुलढाणें जिल्ह्यांतील अमडापूरच्या मुलाला खरा सॅमन कोठून दिसणार? त्याच्या चिखली तालुक्यांतून पैनगंगा वाहते. वऱ्हाडांतल्या नद्या-तळ्यांत मरळ आहे, रोहू आहे. मासा बदलला तरी गांठ बदलत नाहीं.

ती अशी : दोराचें टोंक गळाच्या नेढ्यांतून ओवावें, मूळ दोराभोंवतीं पांच-सहा वेढे द्यावे, टोंक परत नेढ्यालगतच्या फांसांतून काढावें आणि सावकाश आवळावें. मात्र आवळण्यापूर्वीं गांठ ओली करावी. कोरडी ओढल्यास घर्षणाच्या उष्णतेनें दोर तेथेंच दुबळा होतो. पूर्वीं सॅमनच्या गळाला रेशमाच्या किड्यापासून काढलेली तांत लावीत. तीही कोरडी असतां ठिसूळ, म्हणून भिजवूनच बांधीत. १९३८ सालीं नायलॉन जगापुढें आलें आणि तांत मागें पडली. ओलाव्याचा नियम तेवढा राहिला.

दुसरा धडा याहून मोलाचा. गळ कधींतरी खडकांत अडकणारच. तेव्हां दोर कोठें तुटावा हें आधींच ठरवून ठेवावें. मूळ दोर ५ किलो वजन तोलणारा असेल, तर गळाजवळचा हातभर तुकडा ३ किलोचा घ्यावा. दोहोंच्या सांध्यावर लहानशी फिरकी बसवावी, म्हणजे दोराला पीळ पडत नाहीं. शिसें फिरकीच्या वर, आणि तरंगती खूण पाण्याच्या खोलीप्रमाणें त्याहून वर. मग हिसका बसतांच तुटेल तो हातभर तुकडाच. उलट रचना करणाऱ्याचा दहा वांव दोर नदींत राहतो. नायलॉन लवकर कुजत नाहीं. त्यांत बगळ्याचा पाय गुंततो, पाण्यावर आलेल्या वासराच्या खुराला फांस बसतो, आणि तोंडांत गळ घेऊन गेलेला मासा लांबलचक दोर ओढीत फिरतो.

यासाठीं शिकाऊ मुलानें प्रथम घरींच, भिंतीवरील खिळ्याला जाड सुतळी बांधून हात बसवावा. डोळे मिटून गांठ साधूं लागली, म्हणजे सुतळी सोडून तंगूस हातीं घ्यावा. आणि तलाव ठेक्यानें दिलेला असल्यास ठेकेदाराची परवानगी घेऊन मगच कांठ गांठावा. मासा मिळणें दैवाधीन आहे. परंतु पाण्यांत आपल्या मागें काय राहील, हें सर्वस्वीं बांधणाऱ्याच्या हातीं आहे.