तरंगणारा प्राणी निसर्गाने का घडवला नाही?



१७८३ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये व्हर्साय येथे माँगोल्फिए बंधूंच्या फुग्याखाली एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा हवेत चढले. त्याच वर्षी डिसेंबरात शार्ल या शास्त्रज्ञाने हायड्रोजनच्या फुग्यातून स्वतः उड्डाण केले. माणसाला जे साधले ते निसर्गाला का साधू नये? पोटात हलका वायू साठवून ढगाप्रमाणे विहरणारा एखादा मोठा प्राणी का आढळत नाही?

वायूची अडचण म्हणावी, तर ती नाही. गाईच्या पोटातले सूक्ष्म जंतू हायड्रोजन तयार करतात; त्यातूनच पुढे मिथेन होतो आणि तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. तोही हवेपेक्षा हलकाच. माल घरचाच आहे; मग अडते कोठे?

आपण हिशोबच मांडून पाहू. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो. तेवढ्या जागेत हायड्रोजन भरला, तर तो सुमारे १.१ किलो वजन उचलतो. आता ४०० किलोंचा बैल घ्या. त्याला उचलणाऱ्या गोल पिशवीची कातडी अवघी एक मिलिमीटर जाड धरली, तरी तिचा व्यास ११ मीटर होतो. म्हणजे तीन मजली घराएवढा गोळा! अवाढव्य खरा, परंतु हिशोबात बसणारा.

खरी मेख पुढेच आहे. पिशवीचा व्यास निम्मा केला, की कातडी चौथाई उरते, वायू मात्र अष्टमांशच उरतो. त्यामुळे साडेपाच मीटरांहून लहान पिशवीला स्वतःचे वजनसुद्धा उचलत नाही. कातडी शंभरपट पातळ करावी, तर साडेपाच सेंटिमीटरांचा गोळा कसाबसा तरंगेल. पण अशा पडद्यातून हायड्रोजन झिरपून जाईल, आणि एखादा काटा लागताच तो फाटेल.

आणि प्राणी तर जन्मतो लहानच! पिल्लाला ही पिशवी म्हणजे नुसते ओझे. उत्क्रांतीच्या वाटेवर पायरीपायरीला काही तरी लाभ पदरात पडावा लागतो. येथे पहिल्याच पायरीवर तोटा आहे.

पाण्यात मात्र हाच व्यवहार फायद्याचा ठरतो. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट जड असल्याने वायूची लहानशी पिशवीही तेथे उपयोगी पडते. रोहू मासा पोटातल्या अशाच पिशवीवर आपला तोल सांभाळतो. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर वाहत येणारे निळे ‘ब्लू बॉटल’ तर वायूच्या फुग्यावरच समुद्रभर फिरतात.

तेव्हा निसर्गाला युक्ती सुचली नाही, असे म्हणता येत नाही. माणूस कारखान्यात एकदम मोठा फुगा शिवू शकतो. प्राण्याला तो जन्मापासून अंगावर वागवीत वाढवावा लागतो. आपल्या विरळ हवेत ते वाढवणेच परवडत नाही.